आई, पाणी बरं आहे

लंकामावशींच्या घरात समुद्र आहे. त्यांचा एकुलता एक चंदर अंबडच्या कारखान्यात होता. त्याने हौसेने काचेची टाकी आणून तिच्यात प्रवाळ वाढवले. नाशकात कुठला आलाय समुद्र! मीठ कालवून केलेले ते पाणी भारी नाजूक, म्हणून त्याने यंत्र बसवले. ते आपले आपण थेंबभर पाणी ओढते, औषध घालून तपासते आणि मावशींच्या मोबाइलवर निरोप धाडते. निरोपाचे शब्द चंदरनेच भरून ठेवलेले: ‘आई, पाणी बरं आहे.’

गेल्या वर्षी ट्रकने त्याच्या मोटारसायकलला उडवले. सुतकात टाकीकडे बघायचे कुणाला सुचले नाही, प्रवाळ मरून पांढरे पडले. यंत्र मात्र पाणी तपासत राहिले.

औषधाची बाटली परदेशातून येते, दोनेक महिन्यांत संपते आणि तेवढ्या पैशांत मावशींचा किराणा भागेल. आधी पाटल्या गेल्या, मग शिलाई मशीन. मी शेजारीण, मला बघवेना. मेलेल्या दगडांच्या पाण्याची कसली तपासणी? एकदा न राहवून म्हणाले, “मावशी, आता त्या टाकीवर पाणी सोडा.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की माझी मलाच लाज वाटली.

“दहाव्याला गंगेवर सोडलं की, हर्षाली. आणखी कितीदा सोडायला लावते?”

यंदा त्यांना दम्याने गाठले. एक तर स्वतःचा पंप घ्यायचा, नाहीतर टाकीची बाटली. त्यांनी बाटली घेतली आणि धापा टाकत बसल्या. मी चिडले, रडले, शेवटी पाया पडले. तेव्हा कुठे त्या “बरं” म्हणाल्या. पुढची बाटली मागवली नाही.

त्या दुपारी आम्ही दोघी मेथी निवडत होतो. मोबाइल वाजला. मावशींचा चष्मा आत होता.

“वाच गं. पाणी बरं हाय ना?”

औषध त्यांनी कधी संपूच दिले नव्हते, त्यामुळे चंदरने भरून ठेवलेला हा दुसरा निरोप आजवर आलाच नव्हता. मी मोठ्याने वाचले:

‘आई, औषध संपलं गं. आणशील ना?’

मावशी टाकीकडे बघत राहिल्या. हातातली जुडी तशीच. “मागतोय बघ,” एवढेच म्हणाल्या.

मी माझा मोबाइल काढला आणि बाटली मागवली.