काटा पाह्यला का?

"काटा पाह्यला का?"

सकाळी जिन्यात कोणी भेटलं की दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी पहिला प्रश्न हाच करायच्या. इतर ठिकाणी लोक एकमेकांना जेवलात का, बरे आहात का, असं विचारतात. आमच्या कॉलनीत काट्याची चौकशी व्हायची. काटा म्हणजे गॅसच्या टाकीवरचा. इमारतींच्या मागे जाळीच्या कुंपणात एक पांढरी, आडवी टाकी होती. रायपूरच्या भनपुरीहून टँकर यायचा, ती भरून जायचा, आणि तिथून नळीने गॅस प्रत्येकाच्या ओट्यापर्यंत पोचायचा. टाकी किती भरलेली आहे ते तबकडीवरचा काटा सांगायचा.

मावशींचा मात्र काट्यावर पुरता विश्वास नव्हता. कुंपणाची किल्ली त्यांच्याकडे असायची. कुलूप काढून त्या आत जायच्या, काटा बघायच्या आणि मग उजव्या हाताची मागची बाजू टाकीच्या पोटाला लावून खालून वर सरकवत न्यायच्या. ऊन चढलं की गॅस असतो तिथवर टाकी गार लागते आणि वरचा भाग तापतो. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झालेली. तापाच्या माणसाच्या कपाळाला हात लावावा तसा तो हात असायचा, आणि चेहराही तसाच चिंतेचा. टाकी चांगली भरलेली असली तरी चेहऱ्यात फरक पडत नसे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काळजी करायचं काम ही मंडळी सगळ्यांच्या वतीने अंगावर घेतात आणि बाकीचे निवांत झोपतात. आम्ही निवांत झोपत होतो.

सरकारी कचेऱ्या नव्या रायपुरात हलल्या तेव्हा आम्हीही जुन्या शहरातून इकडे राहायला आलो. रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारली तर त्याला ऐकू जायची नाही. बस कधीतरी यायची. जवळपास ना खानावळ, ना चहाची टपरी. पहिल्याच वर्षी एका सकाळी टँकर न आल्यामुळे सगळ्या घरांतल्या शेगड्या एकदम विझल्या. लोक हातात कच्च्या कणकेचे गोळे घेऊन गॅलरीत आले. दिवसभर पोरांनी बिस्किटं खाल्ली. मावशींनी ते फार मनाला लावून घेतलं. गॅस कंपनीशी बोलणार कोण, असा प्रश्न सभेत निघाला तेव्हा आम्ही सगळे पुरुष आपापल्या चपला बघत होतो. मावशी म्हणाल्या, "मी बोलते. पण मंग कोणी मधात तोंड घालायचं नाही." मला त्यांनी मदतनीस म्हणून सोबत घेतलं, कारण मी शेजारचा आणि माझं तोंड आपोआप बंद असतं.

तेव्हापासून दर वर्षी नव्या भावाची बोलणी मावशींच्या स्वयंपाकघरात व्हायची. उभ्या उभ्या भाव बोलायचा नाही, हा त्यांचा नियम. कंपनीचा माणूस आला की त्याला ओट्यासमोरच्या खुर्चीत बसवायचं, चहा मंद आचेवर ठेवायचा आणि चहा उकळेपर्यंत त्याच्या घरची विचारपूस करायची. तो माणूस इथलाच, छत्तीसगढी. अंगाने भरलेला, बोलायला गोड. प्रत्येक गोष्टीला "हव दीदी, हव" म्हणायचा आणि कबूल काहीच करायचा नाही.

मावशींचं मागणं साधं असे. "भैया, तुमची खरेदी जितनी बढ़ी, उतना बढ़ाओ. अपने मन का मत जोड़ो."

"हव दीदी. पर रेट तो ऊपर से आता है."

"ऊपरवाले को बोलो, नीचे चूल्हे हैं."

एकदा आमच्यातला एक हुशार गृहस्थ म्हणाला की मावशी, आणखी दाबा, तो अजून खाली येईल. मावशी त्याच्यावरच उखडल्या. "त्याले काही सुटाले नको का? आज त्याचे हाल केले तर उद्या तो आपल्याले टाकी भरतानी इंगा दाखवते. दोघाइले झोप लागली पाहिजे, तो भाव खरा." स्वतःला मात्र बोलणी पार पडेपर्यंत झोप लागत नसे. संध्याकाळ झाली, घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या की त्या गॅलरीत येऊन ऐकत उभ्या राहायच्या. सगळ्या घरच्या शिट्ट्या झाल्या म्हणजे मग आत जायच्या.

मी सांगणार आहे तो उन्हाळा वेगळा होता. माझी बायको नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी पुरत्या दिवसांची नव्हती, अगदी हातात धरायची भीती वाटावी एवढी. तिला दर थोड्या वेळाने पाजायचं, वाट्या-चमचे उकळायचे, बाळंतिणीच्या अंगाला गरम पाणी. माझी आई गोंदियाहून शेकाची कोळशाची शेगडी घेऊन आली होती. आणि नेमका जुना करार संपला. कंपनीने नवा भाव असा कळवला की कॉलनीतल्या शिपाई आणि ड्रायव्हर लोकांची घरं सरळ म्हणाली, आम्हाला नाही जमणार, आम्ही गाव गाठतो. मावशींनी नकार कळवला. तिकडून उत्तर आलं की भाव ठरल्याशिवाय टँकर निघणार नाही.

आणि तो माणूस बोलणीला येईना. आज येतो, उद्या येतो.

"तो काहून येऊन नाही राहिला, समजलं का तुले?" मावशी मला म्हणाल्या. त्यांचा हात टाकीवर होता आणि तो आता फार खालीच थांबत होता. "तो काटा तळाले जायाची वाट पाहून राहिला. तळाले गेला का मंग आपण त्याच्या पाया पडू, अन् तो म्हणन तो भाव देऊ."

मला भाव दिसत नव्हता, उकळत्या पाण्यातला मुलीचा चमचा दिसत होता. मी म्हणालो, "मावशी, देऊन टाकू तो म्हणतो ते."

मावशी दुपारी उन्हात घरोघर गेल्या. उन्हाळ्यात इथे बासी खातातच. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी मीठ, कांदा, दही घालून गारच खायचा. मावशींनी सगळ्यांना विनवलं की तो माणूस येईपर्यंत सकाळी एकदाच भात लावा, बाकी वेळ बासी खा. आंघोळीला गार पाणी घ्या. काटा जागचा हलता कामा नये. तो येईल, काटा बघेल, आणि त्याला वाटेल की यांना काही घाई नाही.

हरकत कोणीच घेतली नाही. एरवी ही माणसं गाडी कुठे लावायची यावरून महिनाभर अबोला धरणारी. आमच्या दारात येऊन मात्र मावशी वेगळंच बोलल्या. माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुह्या घरचा गॅस चालू राहू दे. पोरीले काही कमी करायचं नाही. समजलं?"

तो अखेर आला तो संध्याकाळी. मावशी आणि मी त्याला घेऊन टाकीपाशी गेलो. त्याने काटा बघितला, तबकडीवर बोटाने टकटक केलं, परत बघितलं. काटा त्याच्या अंदाजापेक्षा वरच होता.

"लोग खाना नहीं बना रहे क्या दीदी?"

"बना रहे हैं ना. गर्मी में कितना खाएंगे?" मावशींचा आवाज सहज होता. पाठीमागे धरलेले हात मात्र एकमेकांना घट्ट आवळत होते. ते मला दिसत होते.

तो मागे वळला आणि त्याची नजर वर गेली. आमच्या गॅलरीतून धूर निघत होता.

झालं असं होतं की माझ्या आईला सगळ्या कॉलनीत आपलीच चूल पेटते याची लाज वाटली. लोक बासी खातात आणि आपण गॅसवर वरण शिजवायचं, हे तिच्या मनाला पटेना. म्हणून तिने कोणाला न सांगता शेकाच्या शेगडीवर वरणाचं पातेलं चढवलं होतं.

"गैस है, तो सिगड़ी काहे जल रही है?" त्याने विचारलं.

मावशींनी पापणीसुद्धा हलवली नाही. "जच्चा है घर में. इनकी बिटिया हुई है. सेंक क्या गैस पर देते हैं, भैया?"

त्याचा चेहरा एकदम बदलला. "अरे! बिटिया हुई? बताया नहीं आपने. चलिए, मुंह देखकर आता हूं." खिशातून शकुनाची नोट काढत तो जिन्याकडे निघालासुद्धा.

आम्ही त्याच्या मागून. मावशींना गुडघेदुखी, तरी त्या त्याच्या पुढे शिरल्या आणि खालूनच ओरडल्या, "अवो बाई, पाव्हणे येऊन राहिले! पोरीची धुरी झाली का?"

माझी आई साधी आहे, पण बाईमाणसाला दुसऱ्या बाईमाणसाच्या हाकेतली घाई कळते. आम्ही दारात पोचलो तेव्हा शेगडी खाटेजवळ आली होती, निखाऱ्यांवर मूठभर ओवा पडला होता, आणि खोलीत असा धूर की माझी बायको मला दिसेना. मुलगी शिंकत होती. खाटेखाली चादरीआड वरणाचं पातेलं होतं, आणि त्यातलं वरण अजून बुडबुडत होतं. मला तो आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

त्याने मुलीच्या मुठीत नोट ठेवली. डोळे पुसत खोकत म्हणाला, "बहुत छोटी है."

"इसके लिए ही तो बोल रही हूं," मावशी म्हणाल्या. मग त्या आमच्या स्वयंपाकघरात गेल्या, त्यांनी गॅसच्या दोन्ही शेगड्या मोठ्या करून पेटवल्या, एकीवर चहा, दुसरीवर उगाच पाणी. गॅसला काय तोटा आहे, असा थाट. काडी मात्र तिसऱ्यांदा ओढल्यावर पेटली होती. तो खुर्चीत बसून त्या ज्वाळांकडे बघत राहिला. चहा उतू जायच्या आत मावशींनी तो कपात ओतला. मग त्याने कप तोंडाला लावला आणि म्हणाला, "ठीक है दीदी. जितना खरीद में बढ़ा, उतना ही. टंकी कल भर जाएगी."

तो गेल्यावर मावशी ओट्याला टेकून खाली बसल्या आणि रडल्या. मग म्हणाल्या, "पातेलं काढा वो बाई, वरण करपते." त्या संध्याकाळी ते वरण आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. ओव्याचा वास त्याला होताच.

मुलगी वाढली, शाळेत जायला लागली. मावशी थकल्या. टाकीपर्यंत जाणं होईना तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मी रोज सकाळी काटा बघून, टाकीला हात लावून यायचो आणि दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारात उभा राहून सांगायचो. त्या खाटेवरून विचारायच्या, "हात लावला का, का नुसताच पाह्यला?"

परवाच्या थंडीत एका पहाटे त्या गेल्या. मुलगा पुण्याहून येणार होता, त्यामुळे दिवसभर त्यांना घरातच ठेवलं. खाली सतरंज्या घातल्या. बुद्धवंदना झाली, लोक येत राहिले. संध्याकाळी कंपनीचा तो माणूस आला. आता त्याचे केस पांढरे झाले होते. हात जोडून आत जाऊन आला आणि माझ्याजवळ गॅलरीत उभा राहिला. बराच वेळ कान देऊन काहीतरी ऐकत होता.

"उस दिन भी ऐसा ही था," तो म्हणाला. "शाम का समय, और पूरी कॉलोनी में एक कुकर की सीटी नहीं. मैं तो गेट पर ही समझ गया था."

मी विचारलं, "फिर भाव क्यों कम किया?"

"मैंने सोचा, जिसके एक बार कहने पर इतने घर चूल्हा बंद कर दें, उससे क्या मोलभाव करना." त्याने रुमालाने नाक पुसलं. "आज तो किसी ने कहा भी नहीं होगा."

खरंच, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. ज्या घरी माणूस जातं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही, ही रीत सगळीकडे आहे. पण इथे एकाही घरात पेटली नव्हती. पोरांना आदल्या रात्रीचं गार अन्न दिलं होतं आणि पोरंही गुपचूप जेवली होती.

तो गेल्यावर मी खाली उतरलो. किल्ली खिशातच होती. काटा बघितला. सकाळी होता तिथेच होता. सवयीने हाताची मागची बाजू टाकीला लावली आणि वर सरकवत नेली. थंडीमुळे टाकी सगळीकडे सारखीच गार होती. कुलूप लावून मी जिना चढलो आणि नेहमीसारखा दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारात उभा राहिलो. दार उघडंच होतं. आत माणसं बसली होती. काटा कुठे आहे हे त्यांतल्या कोणीच मला विचारलं नाही.