महादेवाचं पाणी

"सुंदरा, तू बाहेरची असताना तर देवळात चढली न्हाईस न्हवं?" — भर देवळात, सगळ्या बायकांसमोर, मी माझ्या धाकट्या जावेला विचारलं. आणि ती बिचारी बोटांवर दिवस मोजायला लागली. असं का विचारलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुष्काळाचं साल होतं. पाऊस यावा म्हणून गावानं महादेव कोंडला होता — घरटी रोज एक कळशी आणायची, पिंड बुडेपर्यंत गाभारा भरायचा. देव गुदमरला की पाऊस सोडतो. पण पिंड काही बुडेना. सकाळी भरावं, संध्याकाळी पाणी खाली. गुरव म्हणाला, गावात कुणाचं तरी पाप आहे.

आता पाप म्हणजे काय? मी चौथी शिकले. पुस्तकात पुण्याच्या उलट, एवढंच होतं. आमच्यात केरसुणीला पाय लागला तरी पाप, मीठ सांडलं तरी पाप. पण 'माझं पाप' असं कुणी म्हणताना मी ऐकलं नाही. तो शब्द कायम शेजारणीच्या घरी राहतो.

पाणी मी नेत होते. दुपारी गुरव आडवा झाला की नारळाचं निमित्त करून देवळात जायचं, गाभाऱ्यातून कळशी भरून यायचं. म्हैस गाभण होती. ती व्याली तर सोसायटीच्या डेअरीला दूध — नाहीतर तिला नेकनूरचा बाजार आणि आम्हाला ऊसतोडीचा कोयता.

एक दिवस सुंदरा हसली. "अक्का, तुमच्या म्हशीच्या तोंडाला बेलाचं पान. लई देवभोळी झाली की." तिच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण हेच ती देवळात बोलली तर? म्हणून मीच आधी बोलले.

मोजता मोजता तिचा तिलाच संशय आला. "चुकलं असंल, बाई," म्हणाली. शिक्षा म्हणून तिनं लांबच्या विहिरीवरून अकरा कळश्या आणल्या, भर उन्हात, अनवाणी. तळपायाला फोड आले.

त्यातल्या दोन — होय, त्यातल्याही दोन — मी म्हशीला पाजल्या.

पुढं पाऊस पडला. गाव म्हणालं, पाप धुतलं. म्हैस व्याली, रेडा झाला. सुंदरा मात्र पुन्हा देवळाची पायरी चढली नाही. रस्त्यावरूनच हात जोडायची.

ती मागच्या साली वारली. मी आहे.