खुराड्याचा कोट

माझे सासरे कोट शिवायचे. नुसते शर्ट शिवणाऱ्याला ते शिंपी मानायलाच तयार नसत. "कापडाच्या पिशवीला चार भोकं पाडली की झाला शर्ट," असं एका वाक्यात त्या सगळ्यांना निकालात काढायचे. चाळीस वर्षं एकाच गल्लीत एकाच मशीनवर बसल्यामुळे अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मी तोंडावर बाबा म्हणते, माघारी मास्तरच.

मागच्या अंगणातल्या कोंबड्या मात्र त्यांच्या नव्हत्या, सासूबाईंच्या होत्या. पिसं उडून कापडाला चिकटतात म्हणून मास्तर आयुष्यभर त्यांच्या नावानं खडे फोडत आले. त्या वर्षी पानं गळायच्या सुमारास सासूबाई गेल्या आणि सहा कोंबड्या मास्तरांच्या गळ्यात पडल्या. एक इन्स्पेक्टर, कारण आलेल्या प्रत्येकाचे बूट ती चोचीनं तपासायची. एक लंगडी, एक धाकटी, आणि बाकीच्या तिघी इतक्या सारख्या की मास्तर त्यांना 'त्या तिघी' एवढंच म्हणत.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, बाबांनी आता आमच्याकडे यावं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, उबदार, दोन खोल्यांचं. एकट्या माणसानं बर्फात पाय घसरून पडावं आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना कळावं, ही त्याची भीती काही खोटी नव्हती. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढा हिवाळा मला द्या. तिच्या सहा कोंबड्या सांभाळता आल्या, तर मी मलाही सांभाळीन. एक जरी गेली तर मुकाट्यानं येतो. पुन्हा तोंडातून ब्र काढणार नाही."

नवरा चटकन कबूल झाला. सहांतली एक तरी जाईलच, असा त्याचा हिशेब होता. माझा हिशेब वेगळा होता. मागे एकदा मास्तर आठ दिवस आमच्याकडे राहिले होते तेव्हा त्यांनी घरातले टॉवेल दिवसातून चारदा घडी करून ठेवले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून रिकामे हात मांडीवर ठेवायचे आणि त्या हातांकडे बघत राहायचे. ते मला परत बघायचं नव्हतं.

शिवाय माझ्या अंगावरचा कोट. लग्न होऊन आले तेव्हा माझा कोट म्हणजे नुसतं निमित्त होतं, वारा आरपार जायचा. मास्तरांनी तो एकदाच पाहिला. मापही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी दाराच्या खुंटीवर एक करडा कोट लटकत होता आणि तो मला असा बसला की मी आरशासमोरून हलेना. मुलीच्या वेळी त्यांनी तो उसवून सैल केला, नंतर परत आत घेतला. सोळा हिवाळे झाले. मी फटकळ आहे, कुणाचं पटकन ऐकून घेत नाही, पण त्या कोटाची बटणं लावताना दरवेळी माझा जीव थोडा मऊ होतो.

पहिला बर्फ पडला त्या रविवारी आम्ही गेलो, तर मास्तर टेप घेऊन खुराड्याभोवती फिरत होते. वहीत नोंद होती: उंची, घेर, बाही नाही. त्यांनी खुराड्याला कोट शिवायला घेतला होता! बाहेरून जाड लोकरी कापड, मध्ये कापूस, दाराला आठ बटणांचा पडदा. आतून दांडीच्या मागे, जिथे कोंबड्या रात्री टेकून बसतात, तिथे हिरवं रेशमी अस्तर. मी ते ओळखलं. सासूबाईंच्या कोटाचं होतं.

"नुसतं टांगून काय करायचं?" माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "कोंबड्या तिच्याच आहेत."

मी अस्तरावरून हात फिरवला. मग ते एकदम खुशीत आले. "आता वाऱ्यानं आत जाऊन दाखवावं," म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझ्याही टाळ्या आहेत.

दोन आठवड्यांत धाकटीच्या तुऱ्याचं टोक काळं पडलं. इन्स्पेक्टर शिंकायला लागली. मास्तरांनी आणखी एक थर शिवला आणि दोन बटणं वाढवली. धाकटी खायची बंद झाली. पुढच्या रविवारी नवऱ्यानं सहा रिकामी खोकी आणून पडवीत रचली. "असू देत हाताशी," म्हणाला. मास्तरांनी खोक्यांकडे पाहिलं आणि चहा थंड होऊ दिला.

शनिवारी मला सुट्टी होती. सकाळीच एकटी गेले. मास्तर खुराड्याची बटणं सोडत होते. पडदा बाजूला झाला आणि आतली हवा माझ्या तोंडावर आली. कोंदट, ओली, डोळ्यांना झोंबणारी. मी अकरा वर्षं लाँड्रीत काम करते. वाळवणीच्या खोलीतला पंखा बंद पडला की अश्शीच हवा होते. दुपारपर्यंत भिंती गळायला लागतात आणि चादरी काही केल्या वाळत नाहीत. मी आत हात घातला. छताला थेंब लटकत होते. हिरवं अस्तर पिळून काढण्याइतकं भिजलं होतं.

"बाबा, थंडीनं नाही झालेलं हे. ओलीनं झालंय."

"ओल येईल कुठून? थेंबभर पाणी आत शिरायला जागा ठेवलेली नाही मी."

"तेच तर! बाहेर पडायलाही नाही ठेवली. सहाजणी रात्रभर श्वास सोडतात, तो सगळा आतच. ओल्या तुऱ्याला गारठा लागतो, म्हणून तो काळा पडतो."

माझा आवाज चढला होता. मास्तरांनी आपल्या शिलाईवरून बोट फिरवलं. तसली शिलाई गल्लीत दुसरं कुणी घालू शकत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

"कोटाला बगल असते," ते म्हणाले. "तिथे जरा मोकळं ठेवावं लागतं, नाहीतर माणूस आतून भिजतो. पोरं शिकायला आली की पहिल्या दिवशी सांगायचो हे. आणि स्वतःच विसरलो."

घरात जाऊन ते टाके कापायची उसवणी घेऊन आले. मी म्हटलं, द्या इकडे. "आपलं आपणच उसवायचं," म्हणाले आणि छपराखाली दोन्ही बाजूंनी वीतभर रुंद पट्टी मोकळी केली, कोंबड्यांच्या डोक्यांच्या बरीच वर, म्हणजे वारा त्यांच्या अंगावर यायला नको. मग हिरवं अस्तर टाका टाका करत सोडवलं. तो ओला बोळा माझ्या हातात देताना त्यांना माझ्याकडे बघवेना. "निघेल का गं धुऊन?"

"न निघायला काय झालं? माझं कामच आहे ते."

मशीनमध्ये घालायला धीर झाला नाही. हातानं धुतलं, सावलीत वाळवलं, मंद इस्त्री केली आणि त्यांना परत नेऊन दिलं. इकडे त्यांनी खुराड्यात कोरडा पेंढा पसरला, सगळ्यांच्या तुऱ्यांना व्हॅसलिन चोळलं आणि धाकटीला आठ दिवस स्वयंपाकघरात ठेवून हातानं भरवलं. स्वयंपाकघरात! पिसाच्या नावानं बोंब मारणाऱ्या माणसानं. रोज सकाळी बसस्टॉपवरून मी फोन करायची.

"सहा?"

"सहा."

एवढंच बोलणं. पण तो एक शब्द ऐकला की माझा दिवस चांगला जायचा.

बर्फ वितळून पन्हळी गळायला लागल्या त्या रविवारी नवऱ्यानं अंगणात उभं राहून कोंबड्या मोजल्या. मग परत मोजल्या. धाकटीच्या तुऱ्याचं टोक गेलं होतं, पण इन्स्पेक्टरच्या तोंडातला दाणा पळवण्याइतकी ती टुणटुणीत होती. नवरा पडवीत गेला. सगळ्या खोक्यांत पेंढा भरलेला होता. मास्तरांनी त्यांची अंडी घालायची घरटी केली होती. तो हसला आणि म्हणाला, "पायरीवर मीठ टाकत जा, बाबा. घसरू नका." त्याची हार मानायची हीच रीत आहे.

आल्या आल्या मास्तरांनी बटण सैल झालंय म्हणून माझा कोट काढून घेतला होता. निघताना स्वतः माझ्या अंगावर चढवला. बसमध्ये बसल्यावर मी खिशात हात घातला. आतून कोट गार, गुळगुळीत लागला. उघडून पाहिलं, तर सगळा हिरवा. आणि खिशात, चिंधीत गुंडाळलेलं, अजून कोमट असं हिवाळ्यानंतरचं पहिलं अंडं.

मी फोन लावला. आभार मानायचे होते, पण तोंडातून सवयीनं एकच शब्द निघाला.

"सहा?"

"सात," मास्तर म्हणाले. "मला धरून."