पिवळा फ्रॉक

जयवंता आयुष्यात खोटं बोलली नाही असं कोणी म्हणेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. ती खोटं बोलली होती, एकदाच, आणि तेही दोन भाषांत.

तिचे वडील कामठीच्या छावणीत गोऱ्या साहेबाकडे बटलर होते. पोरीला त्यांनी मिशनच्या शाळेत आठवीपर्यंत शिकवलं, त्यामुळे इंग्रजी तिच्या जिभेवर बसलं. पुढे छप्पन साली, सोळा वर्षांची असताना, आईसोबत पांढरं लुगडं नेसून ती नागपूरला बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेली. नंतर आईने घरातले फाटके कपडे गोळा करून पोतेरं केलं आणि सांगितलं, आता धुतलेल्या कपड्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. जयवंता ते पाळत आली. म्हणूनच पुढे जे झालं त्याची लाज तिला इतरांपेक्षा जास्त वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

नागपुरात जरीपटक्याच्या पलीकडे, नाल्याकाठच्या बस्तीत, हार्पर नावाचं कॅनडाचं कुटुंब आलं होतं. साहेब दवाखाना चालवायचे. मार्था मॅडम सकाळी पोरांना पावडरचं दूध वाटायच्या आणि दुपारी बायकांना शिवण शिकवायच्या. माणसं भली होती. ख्रिस्ती व्हा म्हणून कोणाच्या मागे लागली नाहीत. मात्र मराठी त्यांना पाच वर्षांत ‘कसं काय’ आणि ‘दूध संपलं’ याच्या पुढे आली नाही. म्हणून जयवंता. ती मधे उभी राहायची. मॅडमचं बस्तीला आणि बस्तीचं मॅडमला सांगायची, आणि मधे उभं राहणाऱ्याला येतो तो तोरा तिलाही थोडा आला होता.

शिवणाच्या वर्गात सगळ्यांत हुशार तुळसाबाई. सकाळी बिडीच्या कारखान्यात पानं कापायची, दुपारी मशीनवर बसायची. तिची एकुलती एक पोर सहा वर्षांची. नाव चारुलता. हे नाव तिने शाळेतल्या बाईंना विचारून मुद्दाम ठेवलं होतं, आणि कोणी ‘चारी’ म्हणालं तर ती भांडायला उठायची. त्या पोरीसाठी तिने वर्गातच एक फ्रॉक शिवला, पिवळ्या छिटाचा, गळ्याला झालर लावलेला. झालर तीनदा उसवली, चौथ्यांदा मनासारखी बसली.

सदुसष्टच्या डिसेंबरात कॅनडाहून पत्र आलं. मॅडमने ते हसत हसत वाचून दाखवलं. दूध पाठवणारी तिकडची मंडळी विचारत होती, तुमच्या फोटोतली मुलं लग्नाला निघाल्यासारखी दिसतात, यांना आमचं दूध खरंच लागतं का? मॅडम म्हणाल्या, “उद्या फोटो काढू. सांग त्यांना, रोज असतात तसेच या.”

रोज असतात तसेच! आता फोटो म्हटल्यावर बस्तीतली कोणती आई पोराला रोजच्यासारखं पाठवील? जयवंताने उद्या फोटो आहे एवढंच सांगितलं, पुढचं सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सगळी पोरं तेल चोपडून, पावडर लावून रांगेत हजर. सगळ्यांत पुढे चारुलता, पिवळा फ्रॉक आणि दोन लाल रिबिनी. आई कारखान्यात गेलेली. पोरीला बजावून गेली होती की फोटो आला की मागून घे, आपल्या घरात तुझा एकही फोटो नाही.

जयवंताला वाटलं, हे असे फोटो तिकडे गेले आणि दूध बंद झालं तर? हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण तिला तेव्हाही ठाऊक होतं. मॅडमने शाबास म्हणावं असं तिला वाटत होतं. ती चारुलताला दवाखान्याच्या मागे घेऊन गेली. फ्रॉक डोक्यावरून काढला. आत फाटकी शमीज होती. रिबिनी सोडल्या, केस हाताने विस्कटले, आणि तोंडावरची पावडर स्वतःच्या पदराने पुसली. पोर विचारत होती, “मावशी, काहून?” मावशी म्हणाली, “चूप राह्य. मॅडमनं सांगतलं.”

मॅडम कॅमेऱ्याच्या मागे होत्या. त्यांनी इतकंच पाहिलं की समोर एक पोर उभी आहे आणि तिचे डोळे भरून आले आहेत. त्यांनी बटण दाबलं.

चार महिन्यांनी छापील पत्रक आलं. पहिल्याच पानावर चारुलता, शमीजमध्ये. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की या मुलीच्या अंगावर धड कपडा घालणारं कोणी नाही. हे कॅनडातल्या कोणा शहाण्याने लिहिलं होतं. मॅडमने मजकूर नीट न वाचताच ते दवाखान्याच्या भिंतीला डकवलं.

तुळसाबाईने ते पाहिलं. फ्रॉकची गोष्ट पोरीने त्याच दिवशी घरी सांगितली होती, पण आईने मनावर घेतली नव्हती. काढला असेल, पुन्हा घातला असेल. आता भिंतीवर समोरच होतं. खाली काय लिहिलंय ते तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पोरीला दुधाला पाठवणं बंद केलं आणि शिवणाला येणंही सोडलं.

आठ दिवसांनी मॅडम म्हणाल्या, “माझी सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी. काय झालं ते विचारू, चल.”

दोघी तिच्या घरी गेल्या. तुळसाबाई दारात सूप घेऊन बसली होती. ती उठली नाही. मॅडमकडे न पाहता जयवंताला म्हणाली, “विचार वं तिले. तिले बी पोरगी आहे ना? तिच्या पोरीचे कपडे उतरवून, तिले असं उभं करून ते फोटू साऱ्या दुनियेले दाखोशील का म्हणा?”

मॅडमने विचारलं, “काय म्हणते ती?”

खरं सांगावं तर मॅडम विचारतील, कपडे कोणी उतरवले? एका श्वासात तिने इंग्रजीत सांगून टाकलं, “ती म्हणते, तिच्या मुलीला दूध आवडत नाही. पाहिलं तरी पळते.”

मॅडम खळखळून हसल्या. त्यांची मुलगी रूथही तशीच होती, घरी रोज दुधावरून युद्ध व्हायचं. त्या मोकळ्या मनाने, मान मागे टाकून हसल्या.

तुळसाबाईने ते हसू पाहिलं. तिने सूप उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं.

जयवंताने तेव्हाच दार ठोठावायला हवं होतं. निदान मॅडमला वाटेत सांगायला हवं होतं. त्र्याहत्तर साली हार्पर मंडळी कायमची परत गेली, तेव्हा मॅडमने तिला मिठी मारून म्हटलं, तू माझी जीभ होतीस. जयवंता त्या रात्री जेवली नाही. पुढची कित्येक वर्षं तुळसाबाई दिसली की ती नाल्याच्या बाजूने वळसा घालून जायची. कोणी तिच्या इंग्रजीचं कौतुक केलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्र्याऐंशीत चारुलताचं लग्न ठरलं. ती शिक्षिका झाली होती. पत्रिका द्यायला तुळसाबाई स्वतः आली. म्हणाली, “ये वं. पोरीनं आठवण काढली तुयी.”

विहारात लग्न लागलं. जेवणं झाली. फोटोवाला घरोघरच्या बायकांना बोलावून उभं करत होता. जयवंता मागे, खांबाशी उभी. तुळसाबाई शेजारी येऊन टेकली आणि सहज बोलल्यासारखं म्हणाली, “आज ते मॅडम आठवून राहिली मले. लयी हासली होती वं ते माह्या दारात. पंधरा वर्सं तिले शिव्या देत आली मी.”

जयवंताला वाटलं, आता गप्प राहिले तर मेल्यावरही सुटका नाही.

“बाई, तिले दोष नोको देऊ. तुयं बोलणं मी तिले सांगतलंच नाई. पोरगी दूध पित नाई म्हून सांगतलं, म्हून ते हासली. अन् फ्रॉक बी मीच काढला होता. मॅडमनं नव्हतं सांगतलं.”

तुळसाबाई तिच्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग ती लाली उतरली. काही तरी म्हणायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, “आई, चला ना लवकर!”

तुळसाबाईने जयवंताचा दंड धरला आणि तिला ओढत पुढे नेलं, थेट नवरीच्या शेजारी. तिथे उभं केलं. मग समोर येऊन तिचा घसरलेला पदर खांद्यावर सारखा केला. कपाळावर आलेले केस कानामागे बसवले. स्वतःच्या पदराच्या टोकाने तिचा ओला चेहरा पुसला.

“नीट उभी राह्य वं,” ती म्हणाली. “फोटू हाय. माणसानं फोटूत चांगलंच दिसाव लागते.”

तो फोटो चारुलताच्या अल्बममध्ये आहे. सगळी माणसं समोर बघताहेत. नवरीच्या डाव्या हाताला एक बाई आहे, पदर अगदी नीट घेतलेली, आणि तिची मान खाली आहे.