शाळेच्या मैदानासाठी बाहेरचा वकील

सरकारी ऑफिसात एक किस्सा विसरावा तर दुसरा दारात उभा! त्यात मी जालन्यात कोर्टकेसेसच्या टेबलावर. पण हे सगळे किस्से एकाच केसचे आहेत, आन् सांगताना अजून डोकं फिरतं.

अंबडकडच्या एका गावात शाळेच्या मैदानावर एका प्लॉटवाल्यानं दावा ठोकला. तिथले आमचे सरकारी वकील म्हणाले, "सातबारा शाळेचा, ताबा शाळेचा. डोळे मिटून जिंकतो!" लगेच ऑर्डर आली, केस बाहेरच्या स्पेशल वकिलाला द्या. मी साहेबांना विचारलं, "जिंकायची केस हाय, मंग हा खर्चा कशाला?"

"वरून आलंय. जास्त डोकं लावू नका."

*

शाळेच्या मुख्याध्यापिका खरातबाई मैदानाला तारेचं कुंपण मागायला ऑफिसात आल्त्या. "साहेब, मैदान गेलं तर माझ्या पोरी खो-खो काय रस्त्यावर खेळतील?"

साहेबांनी हात जोडले, "बाई, निधी न्हाई."

बाई जिना उतरून राह्यल्या होत्या, तेवढ्यात मी स्पेशल वकिलाचं बिल पुढं ठेवलं. साहेबांनी चष्मासुद्धा न लावता सही ठोकली!

*

पहिल्या तारखेला वकीलसाहेब एसी गाडीतून उतरले आन् मला म्हणाले, "आपल्याला मैदान ठेवायचंय की सोडायचंय?"

"ठेवायचंय, साहेब!"

"असं होय," म्हणाले आन् आत जाऊन पुढची तारीख मागितली. मंग दर खेपेला तेच. समोरचे तयार, तारीख मागणारे आपण!

*

एकदा कोर्टाबाहेरच्या टपरीवर आम्ही सगळेच उभे. प्लॉटवाला चहावाल्याला ओरडला, "आपल्या साहेबांचा बिनसाखरेचा!" साहेब म्हणजे आमचे वकील! इतक्या तारखांना मी त्यांच्या फायली उचलल्या, मला न्हाई कळलं त्यांना शुगर आहे म्हणून. ह्याला बराबर कसं कळलं?

*

शेवटच्या सुनावणीला खरातबाई पहिल्यांदाच कोर्टात आल्या, माझ्या शेजारी बसल्या. प्लॉटवाल्याचा वकील म्हणाला, "आधी ह्यांना बोलू द्या." आमचे उठले. सातबाऱ्याचं नाव न्हाई! "शाळेच्या ताब्याचा ठोस पुरावा दिसत नाही, हे मला प्रामाणिकपणे मान्य करावं लागेल..."

ते बसले. समोरचा वकील उठला. "यांनी सगळंच सांगितलंय. मला वेगळं काही बोलायचं नाही."

खरातबाई माझ्याकडं झुकल्या. "भाऊ, त्यांचे दोघं बोलून झाले. आता आपला वकील कधी उठणार?"