इस्ट्रोजेनचा आकडा आणि माझी रडारड

मैत्रिणींनो, घाईघाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला!

आपल्या आयव्हीएफच्या ग्रुपवर आपण इस्ट्रोजेनचे रिपोर्ट दहावीच्या निकालासारखे टाकतो. तीन आठवड्यांपूर्वी माझा आकडा तुमच्या आकड्यांच्या निम्माही नव्हता. रडून रडून मी आयव्हीएफ अर्धवट सोडायला निघाले होते.

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुमची इंजेक्शनं कमी डोसची आहेत. स्त्रीबीजं मोजकीच वाढणार, मग हार्मोनही कमीच दिसणार. शाळेत तुम्ही पंचवीस मार्कांची चाचणी शंभराच्या पेपरशी ताडून बघता का?"

मी गणिताची शिक्षिका. डोळे पुसले आणि पुढचं इंजेक्शन घेतलं.

तीनच स्त्रीबीजं मिळाली. त्यातून तयार झालेला एक गर्भ गर्भाशयात सोडला. आणि आज मधल्या सुट्टीत गर्भधारणेच्या रक्ततपासणीचं सांगायला क्लिनिकचा फोन आला. पॉझिटिव्ह!! स्टाफरूममध्ये मी एवढी किंचाळले की शिपाईमामा धावत आले.

मार्केट यार्डात असलेल्या नवऱ्याला फोन केला. व्यापारी माणूस, त्याचा पहिला प्रश्न, "किती आला आकडा?"

आता तुम्हीही तेच विचारणार ना? नाही सांगणार! उद्या आपल्यातलीच कुणीतरी तो स्वतःच्या रिपोर्टशेजारी ठेवून रडत बसेल.