गोजरबाईंनी ऐकलेली टकटक

जालन्याच्या मस्तगडात गाडीच्या एसीचं काम निघालं की लोक धम्मपालच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यानं बॉनेटखाली डोकं घालून काढली होती. नुसता कान दिला तरी दोष कळतो, असं तो स्वतःच सांगायचा, अन् त्यात फारसं खोटंही नव्हतं.

उन्हाळा तापायला लागला तेव्हा टेंभुर्णीचे रामराव एका सकाळी आपली जुनी कार घेऊन आले. मागच्या सीटवर बायको, गोजरबाई. त्यांना डायलिसिससाठी जालन्याला आणावं लागायचं, अन् दुपारी परतताना हटकून एसी बंद पडायचा. धम्मपालनं एसी लावून पाहिला. कॉम्प्रेसरचा क्लच टक्कन बसला. हवा गार आली. गॅसही बराबर होता.

"भाऊ, आधी ती टकटक थांबती, मंग गरम हवा येती," गोजरबाई आतून म्हणाल्या.

धम्मपालनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. "मावशी, गाडी बिलकुल ठीक हाय. काकांनाच एसी लावता येत न्हाई."

चहाला थांबलेली माणसं हसली. रामरावही कसनुसं हसले अन् निघाले.

पुढच्या आठवड्यात ते भर दुपारी आले. दवाखान्यातून घरी निघाले होते, पण शहराबाहेर पडताच एसी बंद पडला म्हणून परत फिरले होते. गोजरबाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मागं आडव्या झाल्या होत्या. मागच्या खेपेला घरी जाताना वाटेत राजूरच्या अलीकडं त्यांना भोवळ आली होती. रामरावांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट खालच्या आवाजात ते म्हणाले, "या टायमाला मी बटन नीट दाबलं होतं. काचा बी लावल्या होत्या."

धम्मपालनं घाईनं बॉनेट उघडलं. पट्ट्यावर पुली गरगर फिरत होती, तिच्यापुढची क्लचची चकती मात्र जागची हलत नव्हती. करंट येत होता. त्यानं लांब लाकडी दांड्यानं चकती जराशी रेटली, तशी ती खटकन चिकटली अन् आत गार हवा सुटली. झिजून झिजून चकती अन् पुलीमधली फट वाढली होती. सकाळी थंड असताना क्लचची कॉइल चुंबकासारखी चकतीला ओढून घ्यायची, तापली की तिच्यात तेवढा जोर उरत नसे. म्हणूनच आधी क्लच बसण्याची टकटक थांबायची. बाईंनी नेमकं तेच सांगितलं होतं.

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चकती खोलून त्यानं आतली पातळ वायसर काढली, फट कमी केली अन् इंजिन तापेपर्यंत गाडी चालू ठेवून पाहिली. क्लच सुटला नाही. चहाला थांबणारी माणसं आजही होतीच. त्यांच्या देखतच तो खिडकीशी वाकला.

"मावशी, तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई, वरून काकांचं हसं केलं."

गोजरबाईंनी डोळे उघडले नाहीत. "घरी जाऊ दे आता, बाबा," एवढंच म्हणाल्या.

रामरावांनी मात्र हात जोडले, उन्हात तुम्हाला तकलीफ दिली म्हणाले. धम्मपालनं ते हात धरून खाली केले. पुढं कितीतरी दिवस टेंभुर्णीची एसटी समोरून गेली तरी त्याची मान खाली जायची.